सीलबंद तेलाचा उन्हाळा

बारावीचा निकाल लागायचा होता आणि वडील माझ्याशी बोलत नव्हते, म्हणून आईने मला धुळ्याला कमलमावशीकडे पाठवलं. भांडण पुण्याचं होतं. मला पुढे शिकायला पुण्याला जायचं होतं आणि नाना म्हणत होते, जळगावात कॉलेजं काय कमी आहेत. पुण्यात नेमकं काय शिकायचंय असं त्यांनी एकदाही विचारलं नाही ते बरंच झालं, कारण मला ते सांगता आलं नसतं. मला फक्त निघायचं होतं. आमच्या घराच्या गच्चीवरून रेल्वेचे भोंगे ऐकू यायचे. वाळवण राखायला मला वर बसवलेलं असे आणि प्रत्येक गाडीबरोबर माझा एक पाय उठायचा. आईने दोन-चार दिवस ते पाहिलं, मग माझी पिशवी भरली आणि म्हणाली, मावशीकडे रस्त्यावरच घर आहे, तिथे बसून बघ किती गाड्या जातात त्या.

मावशीचं घर खरोखरच रस्त्यावर होतं. धुळं संपून पारोळ्याकडचा रस्ता सुरू होतो, तिथे पत्र्याची एक लांब शेड, शेडमध्ये गाडीखाली उतरून काम करायचा सिमेंटचा खड्डा, बाजूला तेलाची पिंपं आणि डबे ठेवायचं दुकान, आणि दुकानाच्या पाठीला लागून दोन खोल्या. गाड्यांचं ऑइल बदलून देणं, एवढाच धंदा. काका आधी ट्रक चालवायचे, पाठदुखीने ते सुटलं तेव्हा त्यांनी हे दुकान टाकलं. ते गेले तेव्हा दिवस-कार्य आटोपल्यावर भाऊबंदांनी मावशीला दुकान विकून माहेरी जायला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शटर वर केलं. बाईमाणूस तेलाच्या दुकानात कसं बसेल, असं लोक वर्षभर बोलले. नंतर त्यांच्याच गाड्या खड्ड्यावर उभ्या राहायला लागल्या. काकांच्या वेळेपासूनचे इस्माईलभाई खड्ड्यात उतरायचे, मावशी वर उभी राहून डबा फोडायची आणि नरसाळं धरायची. भाई नसले की पदर खोचून स्वतः खाली उतरायची. सगळे तिला कमलअक्का म्हणत.

मी गेले तेव्हा मेच्या झळा सुरू झाल्या होत्या. पत्रा सकाळी नऊपासूनच तापायचा आणि मधूनच टणकन वाजायचा. पहाटे मावशी चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची, त्या थापण्याचा आवाज आणि ट्रकच्या एअरब्रेकचा फुसकारा एकदमच कानावर यायचा. भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा, वर तेलाची धार, आणि दुपारी परत तेच, फक्त कांदा जास्त. रविवारी शेवभाजी. ती इतकी तिखट असे की डोळ्यांतून पाणी काढत जेवायचं आणि पुन्हा वाटी पुढे करायची. घरातल्या प्रत्येक वस्तूला मशीनच्या तेलाचा बारीकसा वास होता, उशीलासुद्धा. मावशी हातांना आधी लाकडाचा भुसा चोळायची, मग कपड्याचा साबण लावायची, तरी तिच्या नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. मी दुकानाच्या दारातल्या बाकड्यावर बसून सुरतेकडे आणि नागपूरकडे जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचायचे. आईला वाटलं होतं, एवढ्या गाड्या बघून माझं मन भरेल. झालं उलटंच. जळगावात निदान गाड्या दिसत तरी नव्हत्या.

बसून बसून मी मावशीचं बोलणं ऐकायला लागले. कुठलं ऑइल टाकू, हा प्रश्न तिला दिवसातून वीसदा यायचा आणि ती दरवेळी पहिल्यांदाच आल्यासारखं उत्तर द्यायची. आधी गाडी कोणती, किती जुनी, इंजिन कधी खोललं होतं, खाली ठिबकते का, दिवसभर चालते की आठवड्यातून एकदा, हे विचारायची. ट्रॅक्टरवाल्याला, जुन्या ट्रकवाल्याला साधंच तेल, पण वेळच्या वेळी. जुन्या इंजिनाला सिंथेटिक घालायला ती तयार नसे. ते पातळ तेल साचलेला मळ सोडवतं, मग जिथे कधी गळत नव्हतं तिथून गळायला लागतं, असं तिचं म्हणणं. नव्या कारवाल्याला मात्र सांगायची, दोन पैसे जास्त गेले तरी सिंथेटिक घ्या, आपल्याकडच्या उन्हात ते टिकतं. कारवाले विचारायचे, कंपनीच्या वर्कशॉपला जाऊ की इथेच करू. त्यावर ती रागवत नसे. वर्कशॉपही चांगलंच, तिथे खुर्ची मिळते, इथे तुमच्या डोळ्यांदेखत सील फुटतं, एवढंच म्हणायची. आणि गिऱ्हाइकाने वास घेतल्याशिवाय डबा नरसाळ्यात ओतायची नाही. "बठ्ठं तेल सारखंच दिसस," ती म्हणायची, "पन सारखं राहस नही."

आता मी नाशिकला राहते आणि माझी गाडी एका चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये जाते. काचेआड थंडगार खोलीत बसवतात, कॉफी देतात, आणि गाडी धुऊन समोर आणतात. तेल कुठलं घातलं ते बिलावर छापलेलं असतं. पहिल्यांदा मी आत जाऊन बघते म्हटलं तेव्हा तिथला मुलगा नम्रपणे म्हणाला की मॅडम, आत ग्राहकांना परवानगी नाही. मी परत येऊन बसले. पण अजूनही त्या खोलीत मला पाच मिनिटं शांत बसवत नाही.

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मावशीच्या दुकानात एक नवा माणूस माल घेऊन आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल, जो तेव्हा कुणाकडे नसायचा. त्याच्याकडे सिंथेटिक तेलाचे सीलबंद डबे होते, पेट्रोलचे वेगळे, डिझेलचे वेगळे, आणि भाव नेहमीपेक्षा बराच कमी. मावशीने डबे उलटेसुलटे करून पाहिले. सील बरोबर, छपाई बरोबर, झाकणाखालची पट्टी बरोबर. एक डबा फोडून वास घेतला, बोटांत चोळून पाहिलं. तिला आनंद झाला होता, कारण जे तेल ती कारवाल्यांनाच सांगू शकत होती ते आता साध्या माणसालाही परवडणार होतं.

त्याच आठवड्यात सुकदेवभाऊ आले. ते मुक्ताईनगरचे, प्रवासी जीप चालवायचे. लग्नसराईत वऱ्हाडं घेऊन धुळ्यापर्यंत यायचे आणि आले की मावशीकडे थांबायचे. त्यांनी नुकतंच इंजिनाचं काम करून घेतलं होतं, नव्यासारखं. मावशी म्हणाली, आता यात सिंथेटिक टाका. भाऊ हसून नको म्हणाले. जन्मभर साधंच तेल घातलंय, गाडीला सवय आहे म्हणाले. मावशीने त्यांना बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं आणि अर्धा तास समजावलं. मी तिला कुणाला इतका आग्रह करताना कधी पाहिलं नव्हतं. घाटात इंजिन तापतं तेव्हा हेच तेल टिकेल, तुम्ही माणसं नेता, केळीचे घड नाही, असं ती म्हणाली. वऱ्हाड उन्हात खोळंबलं होतं, म्हणून भाऊंनी डबा घेतला आणि घरी जाऊन बदलतो म्हणून निघाले. मावशी समाधानाने हात पुसत राहिली.

तीन-चार आठवडे गेले असतील. एका सकाळी पारोळ्याचे धान्याचे व्यापारी, सगळे त्यांना शेठजी म्हणत, दुकानासमोर दुसऱ्याच्या गाडीतून उतरले. त्यांची स्वतःची नवी कार रस्त्यातच बंद पडली होती. इंजिन जाम. मेकॅनिकने खालचा नट उघडला तर तेलाऐवजी काळा चिखल आला. शेठजी ओरडले नाहीत. त्यांनी रिकामा डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "अक्का, हे तुमच्या हातचं आहे." एवढंच बोलून ते उभे राहिले, आणि मला वाटलं, यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मावशीने त्याच मालातला एक डबा खाली घेतला, फोडला. वास पुन्हा ठीकच. मग तिने इस्माईलभाईंच्या भावाला हाक मारली, तो शेडच्या कडेला कुल्फीची गाडी लावायचा. खरं सिंथेटिक थंडीतही घट्ट होत नाही म्हणत त्याच्या बर्फ आणि खडेमिठाच्या पिंपात तिने दोन बाटल्या खोवल्या. एकीत हे तेल, दुसरीत जुन्या खात्रीच्या दुकानातून आणलेलं सिंथेटिक. आम्ही सगळे त्या पिंपाभोवती उभे राहिलो, शेठजीसुद्धा, डोक्यावर रुमाल धरून. बाटल्या काढून आडव्या केल्या तेव्हा खात्रीचं तेल सरसर वाहिलं. दुसरं बाटलीच्या तळाला काकवीसारखं बसून राहिलं. जळकं तेल गाळून, रंग आणि वास चढवून भरलेलं होतं ते. आमच्या उन्हात नुसतं बघून ते कधीच ओळखू आलं नसतं. मावशी ती बाटली कितीतरी वेळ तशीच आडवी धरून होती.

त्या मोबाइलवाल्याचा नंबर लागला नाही, नंतरही कधी लागला नाही. शेठजींच्या इंजिनाचं काम इस्माईलभाई इथेच करतील, खर्च माझा, असं मावशीने सांगितलं आणि ते मान हलवून गेले. ते जाताच ती आत आली आणि ताटातली भाकरी तशीच ठेवून बोटांवर मोजू लागली. तो माल अजून कुणाकुणाला गेला होता? तिला विचार करावा लागला नाही. महागाचं तेल घेणारे मोजकेच होते. धरणगावचे डॉक्टर, फैजपूरचे केळीचे व्यापारी, आणि सुकदेवभाऊ. बाकीचे डबे शेल्फवरच होते. भाऊंच्या नावाला दुमडलेलं बोट तिने तसंच धरून ठेवलं.

मी म्हटलं, मावशी, त्यांना फोन करू, निरोप पाठवू. डॉक्टरांकडे फोन आहे. ती म्हणाली, फोनवर सांगून तेल निघतं का? मी म्हटलं, त्यांना काही कळणारही नाही, गाडी बिघडली तर ते दुसरंच काही कारण धरतील. हे मी तिला वाचवायला म्हटलं होतं.  ती शांतपणे म्हणाली, "मने, मी ते माझ्या हातानं दिलंय. काढायचंही माझ्याच हातानं." आणि माझ्याकडे पाठ करून पाने, पक्कड आणि लोखंडी घमेलं गोळा करायला लागली.

मावशीकडे पिंपं आणायला एक तीनचाकी टेम्पो होता. त्यात तिने खात्रीच्या तेलाचे डबे, नवे फिल्टर, घमेलं, जुन्या साड्यांचे बोळे आणि पाण्याची कॅन भरली. दुकान इस्माईलभाईंवर सोडलं. ती टेम्पो चालवायला बसली, मी तिच्या शेजारी अर्ध्या सीटवर. इतक्या दिवसांनी मी त्या रस्त्यावरून जात होते ज्याकडे बसून बघायचा मला कंटाळा आला होता, आणि टेम्पो चाळिसाच्या वर जायला तयार नव्हता. बैलगाडी सोडली तर सगळे आम्हाला मागे टाकत होते. ट्रकवाले हॉर्न देत, बाई चालवतेय बघून वळून बघत. मला वाटत होतं, उतरावं आणि पळत सुटावं. मनात एकच घोळत होतं, भाऊ आत्ता कुठल्या घाटात असतील.

एरंडोलवरून वळून आम्ही धरणगावला पोचलो तेव्हा डॉक्टरांच्या ओट्यावर पेशंटची रांग होती. मावशी रांगेतच बसली. आत गेल्यावर तिने एका दमात सगळं सांगितलं. डॉक्टर आधी हसले, मग त्यांचा चेहरा लाल झाला. ते तिला बाहेर ओट्यावर घेऊन आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की याला फसवणूक म्हणतात, आणि उद्या इंजिन गेलं तर ते तिला सोडणार नाहीत. बायाबापड्या पदर तोंडाला लावून बघत होत्या.  मी पुढे झाले, पण मावशीने माझा दंड धरला. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, गाडी कुठे आहे. डॉक्टरांनी बोट दाखवलं. मग ती कडुलिंबाखाली उभ्या असलेल्या कारखाली पोत्यावर आडवी झाली आणि नट सैल केला. तेल आलं, काळपट, दाट, पण अजून चिखल नव्हता. नवं तेल थोडं ओतून, इंजिन क्षणभर चालवून तेही काढून टाकलं, आणि मग पुन्हा ताजं भरलं. डॉक्टर मध्येच एकदा बाहेर येऊन उभे राहिले. जाताना त्यांनी कंपाउंडरकरवी आमच्यासाठी उसाचा रस पाठवला. मी तो प्यायले नाही. मावशी प्यायली, दोन्ही पेले.

संध्याकाळी जळगावला आमच्या घरी मुक्काम केला. आईने घाईघाईने वांगी भाजली, कांद्याची पात चिरली, आणि भरीत-भाकरी वाढली. नाना माझ्याशी नाही पण मावशीशी बोलत होते. ते पतपेढीत कारकून होते, जपून चालणारे. त्यांनी तिला समजावलं की अशी गावोगाव स्वतःची बदनामी कुणी करत नाही. शेठजींचं काम करून देतेयस, बस झालं, बाकीच्यांचं ज्याच्या त्याच्या नशिबावर. मावशी भाकरी मोडत राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, उद्या मुक्ताईनगरच्या जीपमध्ये तुमची मनीषा बसली तर?" नानांनी माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी पाहत होते.  जेवण झाल्यावर स्वतः कंदील धरून टेम्पोच्या चाकातली हवा बघायला गेले. पुढे निकाल लागल्यावर पुण्याला कधी निघायचंय असं त्यांनी आपणहून विचारलं. त्याचा या संध्याकाळशी काही संबंध होता का, ते मला माहीत नाही. आमच्याकडे अशा गोष्टी बोलून दाखवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. भुसावळ मागे पडल्यावर मावशीने टेम्पो थांबवला आणि मला चालवायला दिला. तिचे खांदे भरून आले होते. तिने मला गिअर दाखवले आणि डोळे मिटून घेतले, म्हणजे मिटल्यासारखं केलं, एक हात तिने हँडलजवळच ठेवला होता. तापीचा पूल मी ओलांडला. फैजपूरच्या रस्त्याला दोन्हीकडे केळी सुरू झाल्या आणि हवेला ओलावा आला. पण मला आनंद व्हायला सवडच नव्हती. केळीचे व्यापारी, पन्नाशीचे गृहस्थ, यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खरोखर गोंधळून विचारलं की तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंच नसतं, मग आलात कशाला. मावशी गाडीखाली पोतं अंथरायला लागली. ते म्हणाले, जेवून जा. आम्ही तेल बदललं, जेवलो नाही. त्यांनी जबरदस्तीने टेम्पोत केळीचा एक घड ठेवला. परत पूल ओलांडून मुक्ताईनगरकडे जाताना मी दर दोन मिनिटांनी विचारत होते, अजून किती. 

सुकदेवभाऊंचं घर गावाच्या टोकाला होतं, दोन खोल्या आणि मोठं अंगण. भाऊ घरी नव्हते. त्यांची बायको, यमुनाबाई, म्हणाल्या की सकाळीच वऱ्हाड घेऊन सातपुड्याच्या बाजूला गेलेत, घाटातल्या गावाला. परत कधी? ते काय सांगावं, लग्नघरचं. मावशीने विचारलं, गाडीत तेल कोणतं घातलंय. त्या म्हणाल्या, तेलाचं त्यांनाच ठाऊक, मी आपलं स्वयंपाकाचं सांगीन. मग मावशीने त्यांना सगळं सांगितलं. यमुनाबाई ऐकता ऐकता खाली बसल्या. मग उठल्या, चुलीवर वरण ठेवलं आणि बट्ट्यांची कणीक मळायला लागल्या, इतक्या जोरात की परात हलत होती. घाटाच्या गावाला फोन नव्हता. मी रस्त्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. वाटेने धूळ दिसली की धावायचे, तर ती बकऱ्यांची असायची, नाहीतर ट्रॅक्टरची. मावशी ओट्यावर बसली होती. तिच्या मांडीवर पाना होता आणि ती त्याचा जबडा उघडत होती, मिटत होती. घाटात जीप बंद पडली तर काय होतं, ते मला माहीत होतं आणि नव्हतंही. मला उतारावरून मागे सरकणारी गाडी दिसत होती, आणि तिच्यात नटलेल्या बाया, मुंडावळ्या बांधलेला नवरा.

या वाट पाहण्याबद्दल लिहिताना आजही मी खुर्चीवरून दोनदा उठले. मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या उन्हाळ्यानंतर ती सिंथेटिक विकायची थांबली नाही, पण नव्या मालातली एक बाटली कुल्फीच्या पिंपात गेल्याशिवाय डबा शेल्फवर चढायचा नाही. ट्रकवाले तिला हसायचे, अक्का तेलाची कुल्फी करते म्हणायचे. धरणगावचे डॉक्टर शेवटपर्यंत तिच्याकडेच येत राहिले. ते हसायचे नाहीत.

ऊन कलायला लागलं तेव्हा जीप आली. आधी आवाज ऐकू आला, एकसारखा, नेहमीचा. मावशी उभी राहिली. जीप अंगणात शिरली, भाऊ उतरले, अंगावर हळदीचे डाग, गळ्यात झेंडूची माळ. आम्हाला बघून आधी आनंदले, मग आमचे चेहरे बघून थबकले. मावशीने त्यांना सगळं सांगितलं, चौथ्यांदा, पण यावेळी तिचे शब्द जागेवर पडत नव्हते. तुम्ही नको म्हणत होता, मीच बळेच दिलं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

भाऊ मान खाली घालून ऐकत होते. मग ते जीपकडे गेले, ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला आणि डबा काढला. सील जसंच्या तसं होतं.

"अक्का," ते म्हणाले, "तुम्ही यवढं सांगलं, तुमाले नाही म्हनता आलं नाही. पन मले भेव वाटलं. म्या आपलं नेहमीचंच साधं तेल टाकलं."

यमुनाबाईंनी चुलीकडे तोंड फिरवलं आणि डोळ्यांना पदर लावला. मला इतकं हलकं वाटलं की मी खाली बसलेच. मावशीकडे पाहिलं, तर तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा नीट कळलं नाही. तिचा श्वास सुटला होता, ते दिसत होतं. पण आणखीही काहीतरी होतं. दोन दिवस ती ज्या माणसासाठी सगळ्यात जास्त घाबरली होती, तो वाचला होता तो तिचं न ऐकल्यामुळे. तिच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यावर त्याचा विश्वास बसला नव्हता, आणि त्याने डबा नुसता तिचा मान राखायला घेतला होता. तिने तो सीलबंद डबा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि टेम्पोत ठेवून आली. "बरं केलं भाऊ," ती म्हणाली. मग अंगणाच्या मधोमध उभी राहिली, हात रिकामे, आणि त्या हातांचं काय करावं हे जणू तिला सुचेना.

भाऊंनी ते पाहिलं असावं. त्यांनी गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवली आणि म्हणाले, आता आलाच आहात तर बदलूनच द्या, खूप दिवस झाले तेल बदलून. यमुनाबाई म्हणाल्या, आधी जेवा तरी. मावशी म्हणाली, आधी तेल. तिने पदर खोचला, पोतं अंथरलं आणि जीपखाली गेली. मी घमेलं सरकवलं. नट सुटला आणि तेलाची धार घमेल्यात पडली. ते तेल मधाच्या रंगाचं होतं, आरपार दिसणारं. भाऊंनी ते कालपरवाच घातलं असणार. मी तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊंनी माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. जीपखालून मावशीचा चेहरा मला दिसत होता. तिची नजर त्या धारेवर होती. थेंब थेंब संपेपर्यंत ती तशीच पडून राहिली.

मग बाहेर येऊन तिने खात्रीच्या साध्या तेलाचा डबा घेतला, भाऊंच्या समोर फोडला आणि त्यांच्या नाकाशी धरला. त्यांनी नीट वास घेतला, मान हलवली. मी नरसाळं धरलं, तिने ओतलं. भाऊंनी क्षणभर इंजिन चालू करून बंद केलं, थोडं थांबले, मग तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, बोळ्याने पुसली, पुन्हा खुपसली, काढली आणि स्वतः न पाहता मावशीच्या हातात दिली. तिने ती मावळत्या उन्हाकडे धरली, दोन्ही खुणांच्या मध्ये तेल कुठवर आलंय ते बघितलं.

"आते बराबर शे," ती म्हणाली.